काकांचा उपास आणि डेंग्यूचा विषाणू

गेल्या श्रावणात माझ्या भाच्याला डेंग्यू झाला. वॉर्डात खाटेशेजारी सलाईन, उशाशी शहाळ्याच्या पाण्याची बाटली आणि ताईच्या हातात वहीचं एक फाडलेलं पान, रोजच्या प्लेटलेट्सचे आकडे लिहिलेलं. अशा वेळी भेटायला येणारा प्रत्येकजण एकेक उपाय घेऊन येतो. कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कुणी किवी आणून ठेवली. आमचे काका मात्र थेट नोबेल पारितोषिक घेऊन आले.

"पोराच्या मागे जेव-जेव म्हणून लागू नका," ते म्हणाले. "दोन दिवस कडक उपास होऊ दे. शरीर उपाशी राहिलं की पेशी आपल्याच आतली घाण खायला लागतात. त्यात व्हायरसपण खाल्ला जातो. ऑटोफॅजी म्हणतात तिला. जपानच्या माणसाला नोबेल मिळालंय त्यावर, थट्टा नव्हे."

सोमवार होता, काका स्वतः उपाशी होते, त्यामुळे बोलण्याला वजन होतं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरातले असले निवाडे माझ्याकडे येतात.

पंचाईत अशी होती, की काकांची जवळजवळ सगळी वाक्यं खरी होती. ऑटोफॅजी नावाची गोष्ट आहे. उपाशी पेशीत ती वाढते. ती विषाणूंना गिळून पचवूही शकते. नोबेलही मिळालेलं आहे. फसली होती ती शेवटची उडी, आणि ती का फसते हे खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. "डॉक्टरांना विचारू," म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हा राहून गेलेलं उत्तर आता सावकाश देतो.

आमच्या पोरसात, म्हणजे परसात, माडाचं चुडत (झावळी) पडलं की आजी ते कधी नुसतं ओढून टाकत नसे. पाती भिजवून झाप विणायची, पावसाआधी पडवीला बांधायला. हीर सोलून केरसुणी व्हायची. जाड दांडा वाळला की चुलीत. चुलीतली राख परत माडाच्या आळ्यात. चार दिवसांत चुडताचं नावनिशाण राहत नसे, अंगण मोकळं व्हायचं, आणि फेकून असं काहीच दिलेलं नसायचं. ऑटोफॅजी म्हणजे पेशीच्या अंगणातली हीच कामं. मराठीत तिला 'स्वभक्षण' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण ऐकताना उगाच भयंकर वाटतो. इथे खाणं कमी आणि मोडून पुन्हा वापरणं जास्त आहे.

पेशीत रोज काही ना काही निकामी होतं. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका थकतात, प्रथिनांच्या घड्या चुकतात, त्यांच्या गुठळ्या होतात. असा माल दिसला की त्याच्या शेजारी एक पातळ पडदा उगवतो, उथळ वाटीसारखा. वाटीच्या कडा वाढत जातात, मालाला कवेत घेतात आणि शेवटी तोंड मिटतं. दुहेरी पडद्याची बंद पिशवी तयार होते. तिचं नाव ऑटोफॅगोसोम. आकार साधारण अर्धा ते दीड मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाच्या आसपास. ही पिशवी मग सरकत लायसोसोमपाशी जाते आणि त्याच्याशी एकजीव होते. लायसोसोमच्या पोटात आम्ल असतं आणि प्रथिनं, चरबी, शर्करा, आरएनए, सगळ्याचे तुकडे करणारी डझनावारी विकरं असतात. आतला माल विरघळतो आणि त्यातून निघालेली अमिनो आम्लं, मेदाम्लं, साखरा पेशीच्या कोठारात परत जातात.

लायसोसोमला आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत लयकारिका म्हणतात आणि पुढे 'आत्मघाती पिशव्या' असं बिरुदही लावतात. परीक्षेत एका गुणाला येतं, म्हणून पोरं पाठ करतात. मला ते बिरुद अन्यायाचं वाटतं. दिवसभर घर आवरणाऱ्या बाईला 'घर मोडणारी' म्हटल्यासारखं आहे.

हे काम मंद गतीनं कायम चालू असतं. पण अन्न तुटलं की वेग वाढतो. एमटॉर नावाचं एक प्रथिन पेशीत राखणदारासारखं बसलेलं असतं. बाहेरून पोषण नीट येतंय तोवर ते ऑटोफॅजीला दाबून धरतं. पोषण थांबलं की हात ढिला सोडतं. मे महिन्यात भरलेलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आषाढातच संपलं आणि पाऊस काही उघडेना, तर घरातला माणूस माळ्यावर काय काय पडलंय ते शोधायला लागतो, तसं. काकांचं अर्धं म्हणणं या परिच्छेदात आलं, आणि ते चोख आहे.

आता तो जपानी माणूस. त्यांचं नाव योशिनोरी ओसुमी, आणि त्यांनी हा सगळा शोध लावला तो यीस्टवर. यीस्ट म्हणजे तेच, जे आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पिठात असतं. पहाटे सायकलचा हॉर्न वाजवत येणारा पाव ज्या जिवामुळे फुगतो, त्याच जातीच्या पेशी ओसुमींच्या काचपट्टीवर होत्या. मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना कोमट साखरपाण्यात भिजवलेल्या यीस्टचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. गोल, जराशा लांबट पेशी, काहींच्या कडेला कळी फुटलेली, आणि पोटात एक फिकट, स्वच्छ वर्तुळ. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, हा केंद्रक का?" नव्हे. ती रिक्तिका. यीस्टमध्ये लायसोसोमचं काम तीच करते.

'ऑटोफॅजी' हा शब्द ओसुमींचा नाही. तो १९६३ मध्ये बेल्जियमच्या ख्रिश्चन द डूव्ह यांनी दिला. लायसोसोमचा शोधही त्यांचाच, १९५५ च्या सुमाराचा. पण पुढची पंचवीस-तीस वर्षं हे प्रकरण 'असतं बुवा असं काहीतरी' याच्यापुढे फारसं सरकलं नाही. कारण साधं होतं. पिशव्या होतात आणि लगेच विरघळतात, मग बघायचं काय? ओसुमींनी १९८८ मध्ये तोक्योत स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली आणि एक घरगुती म्हणावी अशी युक्ती काढली. मोरीत पाणी किती येतंय हे कळत नसेल तर भोकाला बोळा लावायचा. त्यांनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेत पचवणारी विकरंच नव्हती, आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत ती स्वच्छ वर्तुळं बारीक बारीक गोळ्यांनी भरून गेली. आत आलेला माल पचत नव्हता, म्हणून दिसत होता. मग हजारो बिघडलेली यीस्टं चाळून, कोणत्या जनुकाअभावी हे गोळे जमतच नाहीत हे त्यांनी शोधलं. १९९३ मध्ये अशी १५ जनुकं त्यांनी मांडली. त्यांतल्या बहुतेकांची भावंडं माणसाच्या पेशीत सापडली. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं ते यासाठी. उपासानं ताप बरा होतो, यासाठी नव्हे.

विषाणू या गोष्टीत येतो तो पेशीच्या आत शिरल्यावर. डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा असतो. मघाच्या पिशवीच्या तुलनेत पोत्यात टाकलेली सुपारी. पेशीनं ठरवलं तर त्याला पिशवीत भरायला जागेची अडचण नाही. अडचण असते ओळखण्याची. पेशीच्या आत इतकी गर्दी असते, की आपलं कोण आणि परकं कोण याची खूण लागते. ती खूण म्हणजे उबिक्विटिन नावाचं एक छोटं प्रथिन. मोडीत काढायच्या वस्तूवर पेशी ते चिकटवते, देवराईतल्या तोडायच्या झाडावर चुन्याची फुली मारावी तसं (देवराईत झाड तोडू नये हे मान्य, पण उपमा सुचली ती सुचली). पी६२ सारखी मध्यस्थ प्रथिनं एका हातानं ही फुली धरतात आणि दुसऱ्या हातानं वाढत्या पडद्यावरच्या एलसी३ या प्रथिनाला धरतात. माल आपोआप वाटीत ओढला जातो.

हे खरोखर विषाणूविरुद्ध चालतं याचा पहिला ठळक पुरावा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बेथ लेव्हिन यांच्या गटानं दिला. सिंडबिस नावाचा विषाणू उंदरांच्या मेंदूला सूज आणतो. तो चिकुनगुन्याच्या नात्यातला आहे. लेव्हिन यांना बेक्लिन-१ हे नवं प्रथिन सापडलं होतं. उंदरांच्या चेतापेशींत ते जास्त तयार होईल अशी व्यवस्था केल्यावर मेंदूतले विषाणू घटले आणि उंदीर वाचले. पुढे कळलं, की बेक्लिन-१ हे ओसुमींच्या यीस्टमधल्या एका ऑटोफॅजी जनुकाचंच मानवी भावंड. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच दाराशी भेटली. नंतर हेही दिसलं, की चेतापेशींमध्ये पी६२ सिंडबिसच्या कवचाच्या प्रथिनांना धरून पिशवीत पोचवतं. त्यामुळे विषाणूंची पैदास फारशी घटली नाही, पण साचलेल्या विषारी मोडतोडीपासून पेशी वाचली.

चेतापेशींचा उल्लेख इथे पुन्हा पुन्हा येतोय, तो काही योगायोग नाही. कातडीची किंवा आतड्याची पेशी संसर्ग झाला तर मरून जाते, मागून नवी येते. मेंदूत ही चैन नाही. तिथं पेशीला मरून लढाई जिंकता येत नाही. तिला जिवंत राहून घर साफ करावं लागतं.

आणखी एक काम ऑटोफॅजी करते, ते कमी सांगितलं जातं. पिशवीत आलेल्या विषाणूचे तुकडे ती पेशीच्या पहारेकऱ्यांना दाखवते. लायसोसोमच्या बाजूला टीएलआर७ नावाचा एक संवेदक असतो. परक्या आरएनएचा वास लागला की तो बोंब मारतो. पण आरएनए पेशीद्रव्यात आणि संवेदक पिशवीच्या आत. दोघांची गाठ घालून देण्याचं काम काही रोगप्रतिकारक पेशींमध्ये ऑटोफॅजी करते, हे २००७ मध्ये दाखवण्यात आलं.

इथवर वाचून काका म्हणतील, "मी वेगळं काय सांगत होतो?"

तर पुढचं ऐका. विषाणूंना हे सगळं आपल्या आधीपासून माहीत आहे. ऑटोफॅजी यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांत आहे, म्हणजे फार जुनी आहे. विषाणूही या यंत्रणेच्या सहवासातच वाढले, आणि या काळात त्यांनी प्रत्येकानं आपापला डाव बसवला.

सर्वांत सरळ डाव म्हणजे सुरुवातच होऊ द्यायची नाही. ताप उतरताना ओठाच्या कडेला फोड उठवणारा हर्पिस विषाणू जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगात मुक्कामाला असतो, चेतापेशींमध्ये दबून. त्याच्याकडे आयसीपी३४.५ नावाचं प्रथिन आहे. ते बेक्लिन-१ ला जाऊन चिकटतं आणि त्याला कामाला लागू देत नाही. संशोधकांनी या प्रथिनाचा फक्त तो चिकटणारा भाग काढून टाकला तेव्हा एरवी उंदराचा मेंदू पोखरणारा विषाणू एकदम मवाळ झाला. एचआयव्हीचं नेफ हे प्रथिनही बेक्लिन-१ च्याच वाटेला जातं.

दुसरा डाव शेवटच्या पायरीवरचा. पिशव्या होऊ द्यायच्या, पण लायसोसोमशी जुळू द्यायच्या नाहीत. फ्लूच्या विषाणूचं एम२ प्रथिन हेच करतं. कोविडच्या विषाणूचं ओआरएफ३ए हे प्रथिनही. पिशवी आणि लायसोसोमला जवळ ओढून बांधणारी प्रथिनांची एक टोळी असते. ओआरएफ३ए त्यातल्या एकाला भलतीकडेच अडकवून ठेवतं. माल भरलेल्या पिशव्या नुसत्या तुंबून राहतात.

या तुंबण्यानं संशोधकांनाही बरंच फसवलंय. समजा तुम्ही गोव्यात पर्वरीला एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे आहात आणि खाली रस्त्यावर पाचशे गाड्या दिसतायत. याचा अर्थ आज वाहतूक जोरात आहे, की पुढं कुठंतरी अडकली आहे? नुसतं मोजून सांगता येत नाही. सुरुवातीच्या काळात विषाणूबाधित पेशीत खूप ऑटोफॅगोसोम दिसले, की 'ऑटोफॅजी वाढली' असं लिहून मोकळं होणारे निबंध कमी नव्हते. आता आधी विचारतात, पिशव्या जास्त होतायत की रिकाम्याच होत नाहीयेत? त्यासाठी ओसुमींचीच युक्ती वापरतात. लायसोसोमचं काम औषधानं मुद्दाम बंद पाडायचं आणि पिशव्यांची संख्या आणखी वाढते का ते बघायचं. वाढली, तर रस्ता मोकळा होता. तेवढीच राहिली, तर आधीपासून कोंडी होती. व्हॉट्सॲपवर 'अमुक खाल्ल्यानं ऑटोफॅजी तिप्पट' असा निरोप आला, की मला ही पर्वरीची गच्ची आठवते.

तिसरा डाव मात्र बुद्धिबळात शोभेल असा. यंत्रणा अडवायचीच नाही, आपल्या कामाला जुंपायची.

पोलिओपासून सुरू करू. १९६५ मध्ये जॉर्ज पलाडे आणि सहकाऱ्यांना पोलिओबाधित पेशींच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांत दुहेरी पडद्याच्या पिशव्या दिसल्या होत्या. पुढे १९७४ मध्ये द डूव्ह यांच्या बरोबरीनं नोबेल मिळालं ते याच पलाडेंना. पण त्या पिशव्यांचा खरा अर्थ लागायला कितीतरी दशकं गेली. पोलिओचा विषाणू ऑटोफॅजीच्या पडद्यांवर आपला संसार थाटतो आणि कवच पक्कं करायला आतलं आम्लही वापरून घेतो. कमाल म्हणजे बाहेरही त्याच पिशवीत बसून पडतो. पूर्वी असं मानत, की पेशी फुटली की हे विषाणू सुटतात. २०१५ मध्ये दाखवण्यात आलं, की पडद्याच्या एका पुडीत अनेक विषाणू एकत्र बसून, पेशी न फोडता बाहेर येतात आणि पुढच्या पेशीत तसेच घोळक्यानं शिरतात. एकेकट्यानं चालत जाण्यापेक्षा कदंब बस भरून गेल्यासारखं.

आणि आता डेंग्यू, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

डेंग्यूच्या विषाणूकडे स्वतःची फक्त १० प्रथिनं आहेत. आरएनए जेमतेम ११ हजार अक्षरांचा. एवढ्या भांडवलावर तो पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पडद्यांच्या घड्यांमध्ये, आपल्या नकला काढायचा कारखाना टाकतो. कारखान्याला वीज लागते. ती कुठून आणतो? यकृताच्या पेशीत चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात, अडीनडीला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की डेंग्यू झालेल्या पेशीत ऑटोफॅजी वाढते आणि ती नेमकी या थेंबांवर सोडली जाते. थेंब पिशवीतून लायसोसोमकडे, तिथून मोकळी मेदाम्लं तंतुकणिकांकडे, आणि तिथं ती जळून ऊर्जा. त्या ऊर्जेवर विषाणूच्या नकला. ऑटोफॅजी बंद पाडली तेव्हा विषाणूची पैदास घटली. आणि बंदच ठेवून बाहेरून तयार मेदाम्लं पुरवली, तेव्हा पैदास परत वाढली. म्हणजे विषाणूला ऑटोफॅजी हवी होती ती फक्त सरपणासाठी, हे स्वच्छ झालं. अशी पडताळणी वाचताना मला अजूनही आनंद होतो. एक दार बंद करायचं, दुसऱ्या दारानं तीच वस्तू आत द्यायची, आणि चोर कशासाठी आला होता ते ओळखायचं.

पण गोष्ट इथंही संपत नाही. ऑटोफॅजी फक्त चरबीचे थेंब खात नाही. ती जुन्या आंतर्द्रव्यजालिकेचेही तुकडे करून पचवते. आता आठवा, डेंग्यूचा कारखाना कुठं आहे? तिथंच. ही मोडतोड त्याला परवडणारी नाही. जालिकेच्या पडद्यावर एफएएम१३४बी नावाचं प्रथिन असतं. 'हा भाग मोडीत काढा' असं तेच ऑटोफॅजीला सांगतं. २०१७ मध्ये दिसून आलं, की डेंग्यूचा विषाणू आपल्या कात्रीनं, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकरानं, हेच प्रथिन कापून टाकतो. झिका आणि वेस्ट नाईल हे त्याचे भाऊबंदही तेच करतात. एकाच पेशीत, एकाच वेळी, तोच विषाणू चुलीत सरपण घालायला लावतो आणि आपल्या खोलीची भिंत पाडायला आलेल्याचा हातही छाटतो.

काकांचा उपास अडखळतो तो इथं. त्यांच्या डोक्यात ऑटोफॅजी म्हणजे पंख्याचं बटण आहे, जास्त फिरवलं की जास्त वारा. प्रत्यक्षात तो लांबलचक रस्ता आहे, त्याला फाटे आहेत, आणि कुठल्या फाट्यावर कोण बसलंय हे विषाणूगणिक बदलतं. सिंडबिसच्या उंदरात वेग वाढवला तर फायदा झाला. डेंग्यूच्या यकृतपेशीत तोच वेग विषाणूला सरपण पुरवतो.

एकाच विषाणूतही उत्तर एक नसतं. चिकुनगुन्या घ्या. २००६ च्या साथीत देशभर ज्यांचे गुडघे महिनोन् महिने धरले होते, त्यांना या नावाची ओळख करून द्यायला नको. माणसाच्या पेशीत पी६२ चिकुनगुन्याच्या कवचाला पकडून मोडीत काढतं. हे आपल्या बाजूचं. पण एनडीपी५२ नावाचं दुसरं मध्यस्थ प्रथिन विषाणूच्या एका प्रथिनाशी हातमिळवणी करतं आणि त्याची पैदास वाढवायला मदत करतं. दोघंही ऑटोफॅजीचेच नोकर, एक मालकाशी इमानी आणि एक फितूर. त्यात गंमत अशी, की उंदराचं एनडीपी५२ जरा वेगळ्या घडणीचं असतं, त्याला ही हातमिळवणी जमत नाही. म्हणजे उंदरावर प्रयोग केला तर ऑटोफॅजी निखळ रक्षणकर्ती वाटणार. 'उंदरांवर सिद्ध झालंय' हे वाक्य वाचताना मी जरा थबकतो, त्याचं हे एक कारण.

हा घोटाळा मोठ्या प्रमाणावर एकदा झालेलाही आहे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हिवतापाची कडू गोळी माहीत असते, क्लोरोक्विन. ती लायसोसोममधलं आम्ल कमी करते, त्यामुळे ऑटोफॅजीची शेवटची पायरी अडते आणि आम्लाच्या वाटेनं पेशीत शिरणाऱ्या विषाणूंचीही गोची होते. २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत तिनं कोविडच्या विषाणूला अडवलं. जग धावलं. तिची जुळी बहीण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन औषधाच्या दुकानांतून नाहीशी झाली. मग ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत हजारो रुग्णांवर पडताळलं, तेव्हा मृत्यू कमी झाले नाहीत. त्या माकडाच्या पेशींत विषाणूला आम्लाच्या वाटेनंच यावं लागत होतं. फुप्फुसाच्या पेशींच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर असतं. ते त्याला समोरच्या दारानंच आत घेतं. मागचं दार बंद करून काय होणार?

राहता राहिला उपास. निरोगी माणसानं श्रावणी सोमवार धरावा, एकादशी करावी, माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः श्रावणभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतो, त्यात काही जड जात नाही (सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आठवण येते, ते सोडा). पण डेंग्यूच्या रुग्णाचं गणित वेगळं आहे. या आजारात ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात, नेमक्या त्याच सुमाराला काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. रक्त दाट होतं, रक्तदाब पडतो. त्या दोन दिवसांत शरीरात द्रव किती जातोय याला फार महत्त्व असतं. सतत उलट्या, पोटात जोराची कळ, हिरड्यांतून रक्त, पोर गळून गेल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नसतं. अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही घ्यायचं नसतं, रक्तस्राव वाढतो. अशा पोराला वर कडक उपास घडवायचा आणि पेशीतली कुठली पिशवी कुठं चाललीय ते आपल्याला दिसणार नाही! ते मोजायची दवाखान्यात रोजची चाचणीही नाही.

'विषाणूच्या तापात उपाशी राहावं का' हा प्रश्न उंदरांवर विचारून झालेला आहे, तोही नोबेलच्याच वर्षी, २०१६ मध्ये, येल विद्यापीठात. फ्लू झालेल्या उंदरांना ग्लुकोज मिळाली तेव्हा ते जास्त तगले. ग्लुकोजचा वापर औषधानं रोखला तेव्हा मेले. लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग असलेल्या उंदरांत नेमकं उलटं झालं, तिथं न खाणंच बरं ठरलं. यातली कारणं सगळी ऑटोफॅजीची नाहीत. आणि मघाशी उंदरांबद्दल थबकलो होतो, ते इथंही लागू. पण दाखला द्यायचाच तर काकांच्या बाजूनं तो पडत नाही, एवढं खरं.

त्या संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा ताईनं विचारलंच. ते तक्त्यावरून नजर न उचलता म्हणाले, "जे पोटात राहील ते द्या. पाणी मोजून लिहा." मग ताईनं डब्यातून उकड्या तांदळाची पेज काढली, वर मीठ घातलं, आणि काकांच्या देखत पोराला चमच्या-चमच्यानं पाजली. तिसऱ्या चमच्याला त्यानं लोणचं मागितलं. काका खुर्चीवर बसून होते. ताईनं डब्याच्या झाकणात त्यांच्यासाठीही थोडी ओतली, तर ते म्हणाले, "आज सोमवार."